पायदळ

माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर दोन अभिप्राय आले. पहिला छापील होता. त्यात कादंबरीने वऱ्हाडी जीवनाचे वास्तव दर्शन घडविले आहे, असे म्हटले होते. तो वाचून मला जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण नाही. दुसरा अभिप्राय तोंडी होता. तो दिला आमच्या शाळेच्या एका निवृत्त शिपायाने. त्यांनी पुस्तक वाचायला नेले आणि आठ दिवसांनी परत आणून दिले. पुस्तक माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, “गुर्जी, बाकी बेस हाये. पन थे बाई बडनेऱ्याले गेली कशानं?”

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पान उघडून दाखविले. माझ्या कादंबरीतील विधवा बाई अंबागेटाच्या आत एका खोलीत राहते. तिचा मुलगा बडनेऱ्यास मजुरीला आहे. एके सकाळी तो डबा विसरून जातो. आठ वाजल्यानंतर ती डबा भरते, बडनेऱ्यास जाऊन मुलाला देते आणि धाकट्या मुलीची शाळा साडेदहाला भरण्याच्या आत घरी परत येते. हे सगळे मी एका वाक्यात उरकले होते. शिपाईबुवा म्हणाले, “मागच्या पानावर तं तिच्याजवळ मिठाले पैसे नोयते. मंग आटोले कोठून आले? न पायदळ गेली असन, तं साडेधाले घरी कशी? तिच्या पायाले का चाकं हायेत?”

अमरावतीहून बडनेरा सुमारे दहा किलोमीटर. जाऊन येऊन वीस. दिवस उन्हाळ्याचे, कारण त्याच प्रकरणात मी उन्हाचे दोन परिच्छेद वर्णन केले होते. म्हणजे बाई गरीब असेल तर तिचे परत येणे खोटे होते, आणि परत येणे खरे असेल तर तिची गरिबी खोटी होती. छापील अभिप्रायातील ‘वास्तव’ या शब्दाचा निकाल एका प्रश्नात लागला.

त्या दिवसापासून मी कादंबऱ्या वाचताना एक हिशेब ठेवू लागलो. पात्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे गेले? किती वेळ लागला? पैसे कोणी दिले? वाटेत कोण भेटले? या हिशेबातून मराठी गद्याविषयी जे काही माझ्या लक्षात आले ते येथे मांडतो. मी मॅट्रिक झालेला मास्तर आहे. समीक्षेची शास्त्रीय परिभाषा मला अवगत नाही. परंतु अंतर मोजता येते, आणि या विषयात तेवढे पुरेसे व्हावे.

१

प्रथम शब्दाविषयी. आमच्या वऱ्हाडात पायी जाणे याला ‘पायदळ जाणे’ म्हणतात. “काहून रे, पायदळच आला?” हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न. माझ्या हस्तलिखितात हा शब्द दोनतीन ठिकाणी होता. एका मासिकाच्या मुद्रितशोधकांनी त्याखाली रेघ मारून समासात विचारले होते, ‘कोणते सैन्य?’ त्यांचा दोष नव्हता. ग्रांथिक मराठीत पायदळ म्हणजे पायी लढणारे सैन्य. मी मुकाट्याने ‘चालत’ असे केले. आज वाटते, करावयास नको होते. कारण ‘चालत’ ही नुसती क्रिया आहे, आणि ‘पायदळ’ ही परिस्थिती आहे. पायदळ येणाऱ्याजवळ बैलगाडी नाही, सायकल नाही, मोटारीचे भाडे नाही, हे त्या एका शब्दात येते. शिवाय त्यात थोडा अभिमानही आहे. नवस फेडणारा मनुष्य पायदळ जातो तेव्हा तो गरीब म्हणून जात नाही.

मराठीत पायांच्या हालचालीला शब्दांची वाण नाही. चालणे, फिरणे, हिंडणे, भटकणे, वणवणणे, पायपीट करणे. आणि महानुभावांच्या ग्रंथांत येणारे अटन. यांतील प्रत्येक शब्दाचा मनुष्य निराळा आहे. ‘फिरायला जातो’ त्याला संध्याकाळ मोकळी असते. ‘पायपीट करतो’ त्याला कचेरीतून नकार मिळालेला असतो. ‘वणवणतो’ त्याला कोठे जावयाचे तेच ठाऊक नसते. लेखकाने नुसता योग्य शब्द वापरला तरी पात्राची अर्धी स्थिती वाचकास समजते. आम्ही मात्र ‘तो गेला’ आणि ‘ती आली’ यांवर सर्व भागवतो.

२

ज्या गद्याचा आपण आद्य म्हणून गौरव करतो ते गद्य पायदळ चालणाऱ्यांचे आहे, आणि त्याचा संबंध आमच्याच जिल्ह्याशी आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ते इ. स. १२७८ च्या सुमारास, असे सामान्यतः मानतात. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले. त्या निमित्ताने लीळाचरित्राचे नाव पुष्कळ व्यासपीठांवरून घेतले गेले. ते उघडून किती जणांनी वाचले हे मी विचारीत नाही. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली निघाली. ती मी वर्गणीच्या वाचनालयातून आणून हप्त्याहप्त्याने वाचली. पंथाच्या दृष्टीने तो पवित्र ग्रंथ आहे. मी येथे केवळ एक गद्यकार म्हणून त्याच्याकडे पाहतो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यातील गोष्ट नेहमी कोठेतरी घडते. चक्रधर सालबर्डीस असतात, मेहकरास असतात, लोणारास असतात, वेरुळास असतात, पैठणास असतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे हे पायांनीच. त्यामुळे मुक्काम, देऊळ, ओटा, भिक्षा, झोप, पाणी या गोष्टी कथेच्या बाहेर राहूच शकत नाहीत. आजच्या कादंबरीकाराला जे ‘तपशील’ वाटतात आणि जे तो पार्श्वभूमी म्हणून पहिल्या परिच्छेदात टाकून मोकळा होतो, ते त्या ग्रंथात प्रसंगाचे कारण असतात. कोणी उशिरा पोहोचला म्हणून संवाद घडतो; कोणी थकला म्हणून प्रश्न विचारतो. मोठा विचार येतो तो अशा लहान अडचणीच्या पाठीवर बसून येतो.

गोविंदप्रभूंच्या चरित्राचा प्रकार तर अधिक जवळचा आहे. चक्रधरांचा मार्ग लांबचा. गोविंदप्रभूंचा जवळपास सर्व वावर एका गावात, रिद्धपुरात. ते घराघरांत शिरतात, चुलीपर्यंत जातात, बाजारात दुकानापुढे उभे राहतात, पोरांशी भांडतात, आणि ज्या वस्तीत जाणे गावाने निषिद्ध मानले त्या मांगवाड्यातही जातात. त्या एका मनुष्याच्या पावलांमागे गेले की तेराव्या शतकातील वऱ्हाडी गावाचा नकाशा हाताशी येतो. कोणाचे घर कोणाच्या शेजारी, पाणी कोठे, देऊळ कोठे, कोणती सीमा कोणी ओलांडावयाची नाही, हे सर्व कळते. लेखकाने गावाचे वर्णन केलेले नाही. त्याने एका माणसाला गावातून चालविले आहे.

आणि पुढे त्याच परंपरेत स्थानपोथी तयार झाली. चक्रधर जेथे जेथे थांबले त्या जागांची ती नोंद आहे: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून, त्यापासून दुसरे स्थान कोणीकडे, मधे काय. साहित्य म्हणून कोणी ती वाचीत नाही. परंतु मला तिचे मोल वाटते ते असे की, श्रद्धेने केलेले असले तरी ते मोजमाप आहे. ज्या जागेवर आपले प्रेम आहे तिचा पत्ता बिनचूक सांगितला पाहिजे, ही जबाबदारी त्या लेखकाला कळली होती. माझ्या बडनेऱ्याच्या वाक्यात मला ती कळली नव्हती.

३

एकोणिसाव्या शतकातही मराठी गद्याचे पाय मजबूत दिसतात. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. ते शहर त्यांनी रस्ते, बाजार, गाड्या, धंदे यांच्या वाटेने पाहिले. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे केलेला प्रवास १८८३ मध्ये लिहून काढला. ‘माझा प्रवास’ या नावाने तो १९०७ साली छापला गेला. झाशीच्या वेढ्याविषयी त्यांनी लिहिले म्हणून आपण त्यांना मान देतो. पण तो वेढा आपल्याला खरा वाटतो याचे कारण निराळे आहे. त्या पुस्तकात आज जेवण कोठे मिळाले, दक्षिणा किती मिळाली, ती चोरांपासून कशी लपविली, पाय किती सुजले, ही चिंता कधी सुटत नाही. गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतणाऱ्या भिक्षुकाने तोफांचे वर्णन केले तर त्यावर विश्वास बसतो, कारण कावडीच्या वजनाविषयी त्याने खोटे सांगितलेले नाही.

मग विसाव्या शतकात काय झाले? मध्यमवर्गाची कादंबरी आली आणि तिच्यातील मनुष्य चालावयाचा थांबला. तो फिरावयास जाऊ लागला. ना. सी. फडक्यांच्या तंत्रावर बोट ठेवण्याची माझी पात्रता नाही; प्रसंग कसा गुंफावा हे आमच्या आधीच्या पिढीने त्यांच्याकडूनच शिकून घेतले. पण त्यांच्या नायकाला चालण्याची हौस असते, गरज नसते. टेकडी असते, संध्याकाळ असते, आणि नायिकेचा पाय मुरगळावा एवढाच रस्त्याचा उपयोग असतो. चालणे हे तेथे प्रीतीचे नेपथ्य झाले. हे चित्र त्या वर्गापुरते खोटे नव्हते. खोटे झाले ते आम्हा अनुकरण करणाऱ्यांच्या हातून. कारण आम्ही तीच संध्याकाळ उचलून मजुराच्या घरात नेऊन ठेवली.

याच्या उलट बाजूलाही माणसे होती. परतवाड्यास १९१६ साली जन्मलेले गो. नी. दांडेकर कोवळ्या वयात घर सोडून निघाले ते देशभर हिंडले. नर्मदेच्या परिक्रमेतून त्यांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आले. त्यांच्या गद्याची लय चालणाऱ्याच्या श्वासाची आहे, असे मला वाटते. दम लागला की वाक्य थांबते. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकराच्या पुण्यातील वेळीअवेळीच्या भटकण्याला काही हेतू नाही, आणि हेतू नसणे हाच त्याचा आजार आहे. तेथे भटकणे नेपथ्य राहत नाही, निदान होते.

आणि आमच्या अमरावतीचे उद्धव शेळके. ‘धग’ १९६० साली आली. तिच्यातील कौतिक ही मराठीतील सर्वांत अधिक राबणारी बाई असावी. टीकाकारांनी तिच्या दुःखाविषयी आणि शेळक्यांच्या वऱ्हाडी बोलीविषयी पुष्कळ लिहिले. मी शिपाईबुवांचा हिशेब घेऊन ती पुन्हा वाचली. त्या कुटुंबाचा जीव घर, वावर आणि बाजार यांच्यामधील पायवाटेवर खर्च होतो. महादेवाला महारोग जडतो तेव्हा त्याचे दुःख आपल्याला एवढे लागते याचे एक कारण हे की, ज्या घरात पाय चालले तरच चूल पेटते, त्या घरातला हा मनुष्य आहे. शेळक्यांनी वऱ्हाडी बोली आणली हे खरेच; पण ती कागदावर उभी राहिली ती त्या बोलीचे अंतर आणि ऊन त्यांनी सोबत आणले म्हणून. आमच्या पिढीने त्यांच्याकडून बोली तेवढी घेतली. ‘थे’ आणि ‘काहून’ पेरले की वऱ्हाड झाले, अशी आमची समजूत. माझी कादंबरी हे तिचे उदाहरण.

४

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, मास्तर, ते दिवस गेले. आता पोरांच्या बुडाखाली मोटरसायकल आहे, गल्लीच्या तोंडाशी आटो आहे, अमरावतीत उड्डाणपूल झाले, अकोल्यात झाले. आता पात्राला चालवून काय मिळवावयाचे? ही जुन्याची ओढ आहे.

जुन्याची ओढ असती तर मी हा लेख लिहिला नसता. माझी मागणी पात्राने चालावे अशी नाही. त्याच्या जाण्यायेण्याचा हिशेब लागावा, अशी आहे. मोटरसायकल असेल तर पेट्रोल कोणाच्या पैशाने, हा प्रश्न आहे. चार पोरांत एक गाडी असेल तर ती कोणाकडे राहते, यावर एक चांगली कथा होऊ शकते. आणि आमची शहरे अजून पायदळ पुरणारी आहेत, हेही खोटे नाही.

अमरावतीचा परकोट घ्या. पेंढाऱ्यांपासून येथील सावकारपेठेचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो बांधावयास घेतला. जुन्या गॅझेटियरात त्याची उंची २० ते २६ फूट आणि घेर सव्वादोन मैल दिला आहे. सव्वादोन मैल म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून थोडे अधिक. तासाभरात सबंध जुन्या शहराला प्रदक्षिणा होते. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट, भुसारी गेट, महाजनपुरी गेट. आणि पटेल, छत्रपुरी, माता, खुनारी या खिडक्या. खुनारीचे नाव तिच्याजवळ झालेल्या मारामारीतील रक्तपातावरून पडले. गाडीघोड्याला दरवाजा आणि पायी माणसाला खिडकी, अशी ती विभागणी. आजही आतल्या बोळांतून ज्याला वाटा ठाऊक आहेत तो पायदळ मनुष्य सराफ्यातल्या गर्दीच्या वेळी मोटरसायकलीच्या आधी पोहोचतो. दुपारी रस्त्याच्या कोणत्या बाजूला सावली असते, कोणत्या दुकानाच्या पायरीवर बसले तर दुकानदार उठवीत नाही, पाणपोई कोठे, चपलेचा अंगठा तुटला तर मोची कोठे, ही विद्या या शहरात प्रत्येक बाईला येते. ती आमच्या एकाही कादंबरीत आली नाही.

अकोल्याची रचना निराळी. तेथे मधून मोर्णा वाहते. पश्चिमेला असदगडाच्या आसऱ्याचे जुने शहर, पूर्वेला ताजनापेठ, कचेऱ्या आणि रेल्वे. म्हणजे जुन्या शहरातील मनुष्याला कोर्टाचे काम असो की गाडी पकडावयाची असो, नदी ओलांडावीच लागते. पूर आला की काम थांबते. एवढी एक गोष्ट ज्याला कळली त्याच्या अकोल्याच्या कथेला आपोआप कणा येईल. आणि वर्षातून एकदा हे शहर पायांचा उत्सव करते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीत भरून हजारो माणसे सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराच्या देवळात येतात. शेगावची पालखी पंढरपूरकडे निघते तीही अकोल्यावरून पायदळच जाते. ज्या प्रांतात पोरे इतकी मनापासून चालतात त्या प्रांतातील लेखकाने चालणे जुने झाले म्हणावे, हे चमत्कारिक आहे.

५

पण या हिशेबाची सर्वांत महत्त्वाची रक्कम अजून मांडावयाची आहे. शहर पायदळ पुरते, हे खरे. कोणाला पुरते, हे विचारले पाहिजे.

अंबागेटातून बाहेर पडले की अंबादेवीचे देऊळ जवळच आहे. ज्यांना त्याच गावात राहूनही ते देऊळ बंद होते, त्यांच्यासाठी ते किती दूर होते? १९२७ साली देवळात प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत अस्पृश्यांची चळवळ झाली. तिच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्या रस्त्याने आम्ही नवरात्रात सहज जातो तो रस्ता कोणाला तरी परिषदा भरवून मागावा लागला. ज्या लेखकाच्या कादंबरीतील पात्र अंबागेट ते अंबादेवी अशा रस्त्याने जाते त्याने ते पात्र कोणत्या घरातील आहे आणि साल कोणते आहे याचा विचार केलाच पाहिजे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाचे पुस्तक १९८६ साली निघाले. समोरून वरच्या जातीचा पुरुष आला की महार बाईने वाट सोडून बाजूला व्हावे, हा नियम त्यांनी लिहिला आहे. तो वाचल्यावर मला माझ्याच लेखनाची आठवण झाली. माझी पात्रे रस्त्याच्या मधोमध चालतात. मला तसे चालावयास मिळाले, म्हणून तीही चालतात. एवढे माझे ‘वास्तव’.

बायकांविषयी तेच. पुरुष पात्र आमच्या कथांतून रात्री उशिरा कोठूनही येते. बाई रात्री आली की कथेचा विषयच तो होतो. मधली स्थिती, म्हणजे बाई कामावरून दमून साडेसात वाजता दिव्याच्या रस्त्याने घरी येते आहे, बिनदिव्याची जवळची वाट तिने टाळली आहे, आणि त्यामुळे रोज तिची दहा मिनिटे जातात, ही गोष्ट कोणी लिहीत नाही. ती दहा मिनिटे माझ्या मते एक सबंध प्रकरण आहे.

या प्रांताने एक मनुष्य असा पाहिला की ज्याने गावाचा रस्ता हाच आपला ग्रंथ केला. शेंडगावचे गाडगेबाबा. गावात पायदळ यावे, हातात खराटा घ्यावा आणि आधी रस्ता झाडावा. बोलणे त्यानंतर, रात्री कीर्तनात. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा देह पडला तोही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ. त्यांना गावे कळत होती याचे कारण ती त्यांनी पायांनी आणि खराट्याने वाचली होती. लेखकाने खराटा घ्यावा असे मी म्हणत नाही. निदान ज्या रस्त्यावरून पात्राला न्यावयाचे त्यावरून एकदा जाऊन यावे.

मी ते केले. पुढच्या मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, एका सकाळी आठनंतर अंबागेटाहून निघालो. हातात डबा होता. रिकाम्या हाताने चालणे आणि ओझे घेऊन चालणे यांत फरक पडतो हे तोपर्यंत शिकलो होतो. राजापेठेपर्यंत काही वाटले नाही. तेथून पुढे रस्ता रुंद होतो आणि सावली संपते. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत पोहोचलो तेव्हा सव्वादोन तास झाले होते. मी पन्नाशीच्या आतला मनुष्य, पायात चांगली चप्पल. माझ्या कादंबरीतील बाई माझ्याहून थोराड आणि तिची चप्पल झिजलेली. तिला अडीच तास लागले असते. साडेदहाच्या घंटेला ती जाण्याच्या वाटेवरच असती. परत येताना मी बसने आलो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऊन ४४ अंशांचे होते.

त्या रात्री प्रकरण पुन्हा लिहावयास बसलो आणि एक निराळीच गोष्ट लक्षात आली. अशा परिस्थितीत ती बाई बडनेऱ्यास गेलीच नसती. तिला धाकटीची शाळा ठाऊक, अंतर ठाऊक, ऊन ठाऊक. तिने चौकात उभे राहून बडनेऱ्याकडे जाणारे ओळखीचे कोणी पाहिले असते आणि त्याच्या हाती डबा दिला असता. मग तो कोण? दूधवाला? मुलाबरोबर काम करणारा? त्याच्याशी तिचा बोलण्याचा संबंध होता की नव्हता? विधवा बाई परक्या पुरुषाच्या हाती डबा देते हे गल्लीने पाहिले की नाही? आणि त्याने डबा पोहोचविला का? एका वाक्याची चार पाने झाली. एक नवा मनुष्य कादंबरीत आला आणि पुढील दोन प्रकरणे त्याने बदलावयास लावली. मी जी कादंबरी छापली तिच्यात तो नाही. कादंबरीचे सर्वांत चांगले पात्र मी अंतर न मोजल्यामुळे गमावले, असे म्हणावयास हरकत नाही.

समीक्षेत आपण अनुभूती, जाणीव, बांधिलकी असे मोठे शब्द वापरतो. ते खोटे नाहीत. परंतु एखाद्या कादंबरीला गरिबांविषयी कळकळ आहे की नाही हे तपासण्याची एक साधी कसोटी मला सापडली आहे: तिच्यातील गरिबाला वेळ लागतो का? श्रीमंताचा वेळ पैशाने वाचतो. गरिबाचा पैसा वेळाने वाचतो. जी कादंबरी गरिबाला श्रीमंताच्या वेगाने हलविते तिची कळकळ शब्दांपुरतीच. या कसोटीला लीळाचरित्र उतरते, गोडसे भटजी उतरतात, ‘धग’ उतरते. माझी कादंबरी उतरत नाही.

बदललेली चार पाने मी शिपाईबुवांना वाचून दाखविली. त्यांत बाई डबा घेऊन घरापासून राजकमल चौकापर्यंत येते, तेथे अर्धा तास ओळखीचे तोंड शोधीत उभी राहते आणि डबा देऊन परत फिरते. अंतर मी पावलांनी मोजून घेतले होते, वेळ घड्याळाने. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, “हं, आता चालली म्हना बाई.” मी वही मिटू लागलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“पन गुर्जी, उन्हायाचे दिवस हायेत. अर्धा घंटा उभी हाये थे. तिले कोठी तरी पानी पाजा.”